पक्षाघातानंतर जोडीदार रुग्णालयात असताना: कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. यजमानांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांच्याबरोबर वॉर्डात राहिले. त्यानंतर ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या घरांत हे दुखणं आलं की मला फोन येऊ लागले. त्या फोनवर जे विचारलं जातं तेच इथे लिहिलं आहे. औषध, डोस, ऑपरेशन याबाबत शब्द डॉक्टरांचाच. पण डॉक्टरांचा राउंड थोड्या वेळाचा असतो, उरलेला दिवस आणि सगळी रात्र तुमची असते, आणि तेवढ्या वेळात जोडीदाराच्या हातून पुष्कळ काही होऊ शकतं.

पहिल्या दिवशी डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं?

तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं वहीत उतरवून घ्या.

मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे? बहुतेक पक्षाघात गुठळीचे असतात. दोन्हींत तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, बाहेरून फरक कळत नाही. तो सीटी स्कॅनमध्येच कळतो. रक्त पातळ करणारी गोळी गुठळीत औषध असते आणि रक्तस्रावात जीवावर बेतू शकते. म्हणून स्कॅन होण्याआधी घरी कोणी ॲस्पिरिन चघळायला दिली असेल तर ते लपवू नका, लगेच सांगा.

मेंदूची कुठली बाजू? डाव्या बाजूला इजा झाली तर उजवा हात-पाय जातो आणि पुष्कळांची वाचाही. उजव्या बाजूला झाली तर डावं अंग जातं, आणि पुष्कळदा डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. हे ठाऊक असेल तर पुढचं अर्धं वागणं आपोआप समजतं.

कशामुळे? रक्तदाब, साखर, हृदयाचे अनियमित ठोके, मानेतल्या रक्तवाहिनीतला अडथळा. कारण सापडलं की पुढची गोळी कशासाठी आहे हे कळतं, आणि कशासाठी हे कळलेली गोळी माणूस मध्येच सोडत नाही.

इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचं असतं म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा वेळ निघून गेली होती. माझ्यामुळे झालं का?

नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे खरं. पण मंडणगड, गुहागर, देवगड, वैभववाडी या तालुक्यांतल्या एखाद्या वाडीवरून निघायचं, आधी जवळच्या दवाखान्यात जायचं, तिथून पुढे सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली असेल तर वळसा घालून! त्यात कित्येकांना झटका झोपेत येतो. पहाटे उठवायला गेलं तेव्हा कळतं, सुरुवात कधी झाली ते कोणालाच सांगता येत नाही. वेळेत पोचलेल्यांनाही सरसकट ते इंजेक्शन देता येत नाही. रक्तस्राव असेल, रक्तदाब फार चढलेला असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर देत नाहीत. मोठी गुठळी मांडीतून नळी घालून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, पण तो मोठ्या शहरांतल्या काही मोजक्या रुग्णालयांत.

इंजेक्शन हुकलं म्हणजे सगळं हुकलं असं मात्र मुळीच नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं, ताप येऊ न देणं, अन्न फुप्फुसात जाऊ न देणं, पाठीला जखमा होऊ न देणं, वेळेत व्यायाम सुरू करणं, यानेच माणसं वाचतात आणि उभी राहतात. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींत तुमचा हात लागतो.

आणि एक विनंती. कोणी उशीर केला, गाडी कोणी आणायला हवी होती, हा हिशेब खाटेशेजारी मांडू नका. आपलं माणूस डोळे मिटून पडलेलं असलं तरी ऐकत असतं.

वॉर्डात मी नुसती बसून असते. माझं काम काय?

फार मोठं काम आहे. सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टर त्या माणसाला काल-परवा भेटले आहेत, तुम्ही त्याला सगळा जन्म ओळखता. तो आजारी पडण्याआधी कसा होता हे वॉर्डात फक्त तुम्हाला ठाऊक असतं. ते सांगत राहणं हे तुमचं काम.

चष्मा, कवळी, कानाचं यंत्र घरून मागवा. चष्म्याविना, कवळीविना पडलेल्या माणसाला “पेशंट गोंधळलेला आहे” असा शेरा सहज बसतो. आधीच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी आणा, नावं आठवून सांगू नका. कोणत्या हाताने जेवायचे, ऐकायला कमी येतं का, लिहिता-वाचता येतं का, रात्री कितीदा उठायचे, दारू किंवा तंबाखू किती होती, हे खरं खरं सांगा. दारू अचानक तुटली की अंग थरथरणं, भास होणं असे वेगळेच त्रास सुरू होतात, आणि डॉक्टरांना आधी कळलं असेल तर ते टाळता येतात. बायकांच्या बाबतीत मशेरीचं विचारलं की घरचे “नाही नाही” म्हणतात. म्हणू नका, तोही तंबाखूच आहे.

वही ठेवा. आज किती खाल्लं, लघवी-शौच झालं का, ताप, कोणती बोटं हलली, राउंडला डॉक्टर काय म्हणाले. उद्या तुमच्या जागी मुलगा बसला की ती वही त्याच्या हातात जाईल आणि धागा तुटणार नाही. कालच्यापेक्षा झोप जास्त लागते आहे, बोलणं आणखी जड झालं आहे, डोकं फार दुखतंय, उलटी झाली, झटके येत आहेत असं दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. त्या क्षणी सिस्टरना उठवा. “उगाच त्रास देतो” असं वाटू देऊ नका, हा बदल पहिल्यांदा तुमच्याच डोळ्यांना दिसणार आहे.

दुसरं काम करायला जड जातं: जे त्यांच्या हातून होतंय ते त्यांच्या हातूनच होऊ देणं. चांगल्या हाताने तोंड पुसता येत असेल तर ओला टॉवेल हातात द्या आणि थांबा. वेळ लागेल, पाणी सांडेल. सांडू दे. मेंदू नव्याने शिकतो तो पुन्हा पुन्हा करूनच शिकतो. माया म्हणून आपण जे जे स्वतः करून टाकतो, तेवढा त्यांचा सराव बुडतो.

पेज भरवू का? दोन दिवस पोटात काही नाही, जीव तुटतो.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय काहीही नको. पाण्याचा थेंब नको, तीर्थ नको, तोंडात गोळी नको. सगळ्या पानात हेच एक लक्षात राहिलं तरी चालेल.

पक्षाघातात घशाचे स्नायूही सैल पडतात. वरून दिसत नाही, पण घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही, आणि तीन-चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. पक्षाघातातून वाचलेली माणसं न्यूमोनियाने जातात, ती अशी.

म्हणून आधी डॉक्टर, सिस्टर किंवा स्पीच थेरपिस्ट (बोलण्याचे आणि गिळण्याचे व्यायाम शिकवणारे) गिळण्याची चाचणी घेतात. जमत नसेल तर नाकातून नळी घालतात. नळी बघून घरचे हबकतात, “आता संपलं” म्हणतात. तसं नसतं. बऱ्याच जणांची नळी काही दिवसांत, काही आठवड्यांत निघते. नळीतून देताना डोक्याकडची बाजू निदान ३० अंश वर हवी आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवायची. नळी जागेवर आहे ना हे दर वेळी सिस्टरकडून शिकल्याप्रमाणे बघायचं.

तोंडाने सुरू करायला सांगितलं की आपली उकड्या तांदळाची पेज उपयोगी पडते, पण कुठली ते विचारा. पातळ निवळ घशातून वेगाने घसरते आणि तीच धोक्याची. शितं पूर्ण घोटून दाट केलेली पेज सावकाश जाते. पेजेत वरचं पाणी वेगळं आणि शितं वेगळी राहिली तर ते मिश्रण गिळायला सगळ्यात कठीण. म्हणून मिक्सरमधून एकजीव करून घ्या. कुळथाची पिठी दाटसर, बिनमिरचीची, ही वॉर्डात आमच्याकडे बऱ्याच जणांना चालली. सोलकढी, चहा, ताक, शहाळ्याचं पाणी ही सगळी पातळच, डॉक्टरांनी पातळ द्यायला परवानगी दिल्यावरच द्या.

भरवताना पूर्ण ताठ बसवा, पाठीला उशा लावा. चमचा लहान. एक घास गिळला, तोंड रिकामं झालं, मग दुसरा. लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, जेवण झाल्यावर बोटाला ओलं फडकं गुंडाळून गाल साफ करा. भरवताना बोलायला लावू नका, मोबाईल बंद. नंतर अर्धा तास तरी बसलेलंच ठेवा. जेवताना खोकला, डोळ्यांत पाणी, आवाज घोगरा-ओलसर झाला की थांबा आणि सांगा.

तोंडाने काही देत नसलात तरी दात, जीभ, हिरड्या दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करायच्या असतात. याकडे दुर्लक्ष फार होतं, आणि तोंडातली घाण छातीत उतरते.

त्यांना खाटेवरून उठवताना हात धरून ओढते. बरोबर आहे ना?

लुळा हात धरून कधीही ओढू नका. काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचे स्नायू सैल असल्यामुळे हाड खोबणीतून खाली उतरतं, आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. मग दुखतं म्हणून माणूस व्यायाम करत नाही आणि हात तिथेच अडकतो. फिजिओना, म्हणजे व्यायाम करवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टना सांगा, “मला एकदा करून दाखवा आणि माझ्याकडून करवून घ्या.” बघून येत नाही ते, हातांनी करूनच येतं.

बसलेले असताना तो हात उशीवर टेकवलेला असावा, लोंबकळता नको. कुशीवर वळवणं दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. लुळ्या कुशीवर झोपवायला हरकत नसते, फक्त खांदा खाली दबलेला नको. माकडहाड, टाचा, कोपर, घोटे रोज उजेडात बघा. लालसर डाग दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली आहे. एअर बेड मागवला तरी वळवणं चुकत नाही. पोटरी सुजली, गरम लागली, लाल दिसली तर तिथे तेल चोळू नका. आत गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.

लुळ्या बाजूला गरम-गार कळत नाही. घरून कोणी शेकायची पिशवी पाठवली तर परत पाठवा.

बोटातल्या अंगठ्या आणि हातातली काकणं पहिल्याच दिवशी काढा, कारण तो हात सुजतो. बायको आजारी असेल तर हिरवी काकणं उतरवायला घरातल्या वडीलधाऱ्या बायका कचरतात. त्यांच्याशी प्रेमाने बोला. चांगल्या हातात दोन ठेवता येतात. एमआरआयच्या वेळी मात्र अंगावर धातूचं काहीच चालत नाही, मंगळसूत्रही नाही.

बोलत नाहीत. बोलले तर भलताच शब्द येतो. समजतं का त्यांना?

बहुतेकांना आपल्याला वाटतं त्याहून जास्त समजतं. बुद्धी जात नाही, शब्दापर्यंतची वाट तुटलेली असते. पाणी हवं असतं आणि तोंडातून “होडी” येतं. स्वतःलाही ऐकू येतं की चुकलं, आणि मग संताप होतो. काही जणांना मात्र समजण्यातच अडचण असते. ती ओळखायची तर माहीत असलेल्या गोष्टी विचारा: “आपलं घर मालवणात का?” खऱ्याला हो आणि खोट्याला नाही येतंय का बघा. हो आणि नाहीची गल्लत होत असेल तर त्या मान हलवण्यावर विसंबून निर्णय घेऊ नका.

समोर बसा, चेहरा दिसू दे. एका वेळी एकच प्रश्न, हो-नाहीत उत्तर येईल असा. घरात जी बोली बोलता तीच बोला. ज्याने जन्मभर मालवणी बोलली त्याला वॉर्डात अचानक शुद्ध पुस्तकी मराठीत “आपणांस वेदना होत आहेत का” विचारलं तर तो गोंधळेल. “दुखता?” “पानी व्हया?” एवढं पुरे. विचारलं की थांबा, आपल्याला लांब वाटेल इतका वेळ थांबा. वाक्य तुम्ही पुरं करू नका. मोठ्याने ओरडू नका, कान शाबूत आहेत. आणि लहान मुलाशी बोलतात तसं कोणालाच बोलू देऊ नका.

एका पुठ्ठ्यावर पाणी, लघवी, दुखणं, ऊन-गार, घरातली माणसं यांची चित्रं किंवा फोटो चिकटवून खाटेला अडकवा.

ज्यांना एक शब्द येत नाही त्यांच्या तोंडून कधी कधी अख्खी आरती येते. पाढे, वारांची नावं, लहानपणची प्रार्थना, भजनाची चाल ही मेंदूत निराळ्या वाटेने बसलेली असतात. जमत असेल तर तुम्ही सुरू करा आणि मध्येच थांबा, पुढचा शब्द ते उचलतात का बघा. पण आरती आली म्हणजे बोलणं आलं असं धरून “मग माझं नाव का नाही घेत?” असं विचारू नका.

स्पीच थेरपिस्ट आपल्याकडे कमीच आहेत. घरी सोडण्याआधीच नाव-पत्ता मागा, व्हिडिओ कॉलवर शिकवणारे मिळतात का तेही विचारा.

ताटातलं उजवीकडचं जेवतात, डावीकडचं तसंच राहतं. डावा हात “माझा नाही” म्हणतात. वेड लागलंय का?

वेड नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावीकडचं जग लक्षातून पुसलं जातं. नजर असते, लक्ष नसतं. रागावून उपयोग नाही. ताट हळूच फिरवा. गप्पा मारायला डाव्या बाजूला बसा, हाताला स्पर्श करून “हा तुमचा हात” म्हणा, मान तिकडे वळवायला लावा. पाण्याचा तांब्या आणि बेल मात्र उजवीकडे ठेवा, गरजेच्या वेळी शिकवणी नको. अशी माणसं “मला काही झालेलं नाही” म्हणत उठायला जातात आणि पडतात. खाटेचा कठडा वर ठेवा.

रात्री “गुरं सोडायची आहेत, कलमांना पाणी घालायचंय” म्हणून उठून बसतात.

रात्रीचा गोंधळ पुष्कळांना होतो. नवी जागा, तुटलेली झोप, ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, यांतलं काहीही कारण असू शकतं, म्हणून डॉक्टरांना सांगाच. तुम्ही वाद घालू नका. “दादा बघतोय गुरांचं, आज मंगळवार, आपण दवाखान्यात आहोत, मी इथेच आहे.” दिवसा खिडकीचा उजेड येऊ दे, दिवसभर झोपू देऊ नका.

कधी न रडणारा माणूस, आता कोणी आलं की हमसून रडतो. मध्येच हसतो.

रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटणं हाही इजेचाच भाग असतो. अशा वेळी “काय झालं, का रडता” असं खोदून विचारलं की वाढतं. विषय बदला, खिडकीबाहेरचं काही दाखवा, ते ओसरतं. त्यावर औषधही असतं.

उदासी निराळी. पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला ती गाठते. जेवण नको, व्यायाम नको, “मला कशाला वाचवलंत” हे वारंवार. याला “हिंमत धर” हा उपचार नाही. डॉक्टरांना सांगा, गोळ्यांनी आणि समुपदेशनाने फरक पडतो, आणि उदासी उतरली की व्यायामालाही जोर येतो. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्यासाठीही आहे तो.

माझी बायको आजारी आहे. बायकांच्या वॉर्डात मला रात्री थांबू देत नाहीत.

हा प्रश्न विचारताना पुरुषांचा आवाज खाली जातो. नियम इतर बायकांच्या सोयीसाठी आहे, त्यावर भांडू नका. रात्रीसाठी बहीण, वहिनी, सून अशी एकच किंवा दोनच माणसं ठरवा. रोज नवीन माणूस आलं की वळवण्याचं आणि गिळण्याचं शिकवलेलं सगळं वाया जातं. तुमची वही त्यांच्या हातात द्या.

दिवसाचं तुमचं. केस विंचरणं, पावडर लावणं, भरवणं, डायपर बदलणंसुद्धा. आजवर केलं नसेल, तर सिस्टर शिकवतात. तिला तुमच्यासमोर संकोच वाटेल, आधी विचारा: “मी करू की वहिनींना बोलावू?” साडीऐवजी पुढून उघडणारा गाऊन आणा. घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी.

अख्खी वाडी बघायला येते, मुंबईहून गाडीने चाकरमानी येतात. नाही कसं म्हणायचं?

ते मायेने येतात. पण दुखावलेला मेंदू पटकन दमतो, दोन माणसं एकदम बोलली तरी त्याला झेपत नाही. बाहेरच्या बाकावर तुम्ही किंवा घरातलं एक माणूस बसा. आत एका वेळी दोघं, थोडाच वेळ. “डॉक्टरांनी सांगितलंय” म्हणा, कोणी रागावत नाही. ज्यांना काही करावंसं वाटतं त्यांना काम द्या: घरची गुरं, शाळेतली मुलं, बागेची राखण, रेशन कार्डाची झेरॉक्स, रात्रीची पाळी. लोक काम मिळालं की मोकळे होतात.

वॉर्डात कोणीही कागदावर सही किंवा अंगठा घ्यायला आलं, सातबाऱ्याचं असो वा बँकेचं, तर थांबवा. समजण्याची क्षमता किती आहे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको.

अमक्या गावात औषध देतात म्हणे. कोणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं. आणि देवाला गाऱ्हाणं?

गाऱ्हाणं जरूर घाला. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवल्याने घरातल्यांना बळ येतं, औषधाच्या आड ते येत नाही. कबुतराच्या रक्ताने मेंदूतली इजा भरत नाही, आणि कातडीला लागण मात्र होऊ शकते. गावठी औषध पोटात द्यायला मी स्पष्ट नको म्हणते. त्यात काय आहे कळत नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर ते भलतंच वागू शकतं. पुष्कळ जण पहिल्या काही महिन्यांत आपोआपही सुधारतात, त्यामुळे त्या काळात जे दिलं त्याला गुण आला असं वाटतं. त्या नादात रक्तदाबाची गोळी बंद झाली की दुसरा झटका येतो.

खर्च कसा निभवायचा?

पहिल्याच दिवशी विचारा: “इथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे का? आरोग्यमित्र (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) कुठे बसतात?” योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरलेले उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार लागतं. चौकशीचा क्रमांक १५५३८८. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही, मंजुरी आधी लागते. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांकडून समजून घ्या. पुढे कायमचं अपंगत्व राहिलं तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजना. बहुतेक सवलतींना निदान ४० टक्के अपंगत्व लागतं.

कोल्हापूर, गोवा की मुंबईला हलवावं?

“मोठ्या ठिकाणी नेलं नाही” हा बोल लागेल या भीतीने हलवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा: तिथे असं काय मिळेल जे इथे नाही? मेंदूचं ऑपरेशन, नळीने गुठळी काढणं, न्यूरोसर्जन, व्हेंटिलेटर असं ठोस उत्तर आलं तर लगेच निघा. “तसं विशेष नाही, पण तुमची इच्छा” असं आलं तर थांबा. आंबा, फोंडा, कुंभार्ली, कुठलाही घाट अस्थिर रुग्णाला सोपा नाही. सावंतवाडी-दोडामार्गकडून गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं, खर्चाची चौकशी आधी करून जा. रत्नागिरी आणि ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, डेरवण आणि पडव्यालाही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, आधी तिथे विचारा. घराजवळ राहिलं तर तुम्ही पाळ्या लावू शकता, आणि पुढचे आठवडे पाळ्यांवरच निघतात. निघायचं ठरलं तर स्कॅनची सीडी, केसपेपर आणि समोरच्या रुग्णालयात खाट आहे याची फोनवर खात्री, हे तिन्ही झाल्याशिवाय गाडी हलवू नका.

बरे होतील ना? किती दिवसांत?

पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते, सहा महिन्यांपर्यंत बरीच, आणि त्यानंतरही हळूहळू चालू राहते. पाय बहुधा हाताआधी सुधारतो. शेजारच्या खाटेवरचा चालायला लागला म्हणून आपल्या माणसाची तुलना करू नका, त्याची इजा वेगळी. आठवड्यापूर्वीची वही उघडा आणि तिच्याशी तुलना करा.

मी स्वतः तीन रात्री झोपले नाही. पण त्यांना सोडून जाऊ कशी?

जा. घरी जाऊन आंघोळ करा, गरम जेवा, दार लावून झोपा. तुमची रक्तदाबाची, साखरेची गोळी चुकू देऊ नका. जोडीदार खाटेवर असताना स्वतःच्या गोळ्या विसरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि मग एका घरातून दोन केसपेपर निघतात. घरातला कर्ता माणूस पडला की पैशांची भीती, बागेची, होडीच्या कर्जाची भीती रात्री छातीवर बसते. ती एका माणसापाशी तरी बोला. राग येईल, त्यांच्यावरसुद्धा येईल. त्याने तुम्ही वाईट ठरत नाही.

घरी नेण्याआधी काय तयारी करायची?

डिस्चार्ज कार्ड सिस्टरसमोर वाचून घ्या, प्रत्येक गोळी कशासाठी ते पाकिटावर मराठीत लिहा. नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर कधी आणि कुठे बदलायचं, फिजिओ घरी येणार का, पुढची तारीख कोणती, हे विचारा.

आपल्या घरांना उंबरठे, जांभ्याच्या उंच पायऱ्या आणि लांबची न्हाणी. खाट माजघराच्या अंधारात न लावता ओटीवर किंवा पडवीत लावा, उजेड आणि येणारं-जाणारं माणूस दिसेल तिथे. शौचासाठी खाटेशेजारी कमोडची खुर्ची. न्हाणीत चांगल्या हाताच्या बाजूला धरायला दांडा, बसायला स्टूल. पावसाळ्यात खळ्यावरचं शेवाळ घासून काढा. बंबाचं पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने बघूनच अंगावर घाला.

मिठाचा हात आखडता घ्या. दिवसाला एका माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही. सुके बोंबील, खारं, पापड, लोणचं यांतून ते कळत नकळत पोटात जातं. ताजे मासे, कालवणात किंवा वाफवून, खुशाल द्या.

पुन्हा जवळ येता येईल का? विचारायची लाज वाटते.

प्रकृती स्थिर झाली की बहुतेक जोडप्यांना हरकत नसते, डॉक्टरांना एकट्यात विचारा. तोवर हात हातात घेऊन बसणं कोणी अडवलेलं नाही. सगळा दिवस औषधं आणि डायपर यांत गेला की नवरा-बायकोपण हरवतं. थोडा वेळ तरी आजाराविषयी काहीही न बोलता जवळ बसा.

दुसरा झटका येईल का? आला तर?

धोका असतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत तो जास्त असतो. गोळ्या रोज, रक्तदाब शक्यतो १३०/८० च्या खाली, तंबाखू, विडी, मशेरी पूर्ण बंद. घरात एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने त्याच पडवीत ओढायचं असं जमत नाही, सगळ्यांनी सोडा.

तोंड एका बाजूला ओघळलं, हात उचलेना, बोलणं जड झालं, अचानक दिसेनासं झालं, तोल गेला, यांतलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. शेवटचं ठीक कधी पाहिलं तीही वेळ. १०८ ला फोन करा. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर झोपवा. सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, रात्री चालू असतं का, आणि १०८ यायला उशीर झाला तर वाडीतली कोणाची गाडी, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.